वकिलातीबाहेरचं जग

एप्रिल १९१७ मध्ये शमँ-दे-दामच्या आघाडीवर पिएर रनूव्हँ या चोवीस वर्षांच्या इतिहासाच्या अभ्यासकाचा डावा हात गेला. महायुद्ध संपल्यावर त्यांच्याकडे काम आलं तेही त्याच युद्धाचं: त्याची कागदपत्रं जमवणाऱ्या पॅरिसच्या ग्रंथालयाची व्यवस्था पाहायची आणि युद्ध कशामुळे झालं ते सॉर्बोनमध्ये शिकवायचं. तारा, खलिते, राजदूतांची गोपनीय पत्रं हे सगळं त्यांनी बारकाईनं वाचलं आणि १९२५ मध्ये युद्धाच्या तात्कालिक कारणांवर पुस्तक लिहिलं. जुलै १९१४ मध्ये कोणत्या दिवशी कोणी काय ठरवलं हे त्या कागदांतून उलगडत होतं. युरोपातली कोट्यवधी माणसं त्या ठरावांमागून आघाडीवर का गेली, याचं उत्तर मात्र त्यांत नव्हतं. रनूव्हँ पुढे आयुष्यभर या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा करत राहिले. भूगोल, लोकसंख्या, पैसा, बाजार, राष्ट्राविषयीची सामूहिक भावना या साऱ्यांना ते ‘खोलवरच्या शक्ती’ म्हणत. १९६४ मध्ये आपले शिष्य ज्याँ-बातिस्त द्युरोझेल यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ही मांडणी पूर्णत्वाला नेली. मुत्सद्दी निर्णय घेतो हे खरं, पण त्याच्या पायाखालची जमीन त्यानं तयार केलेली नसते, हा तिचा गाभा.

फ्रेंच भाषेतल्या जागतिक राजकारणाच्या अभ्यासाची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची सुरुवात मी रनूव्हँ यांच्यापासून करतो, कारण पुढच्या बहुतेक प्रकरणांत हाच आग्रह वेगवेगळ्या रूपांत भेटेल. देशादेशांतलं राजकारण वकिलातीच्या आत सुरू होत नाही. ते समाजात सुरू होतं आणि समाजातच त्याची किंमत मोजली जाते. आपल्याकडे जगाच्या बातम्या इंग्रजीतून येतात आणि राज्यशास्त्राच्या वर्गात जगाचे सिद्धान्तही बहुतांशी इंग्रजी पुस्तकांतूनच शिकवले जातात. त्या पुस्तकांनी पुष्कळ दिलं आहे. पण त्यांतला एक मोठा प्रवाह राज्यसंस्थेला सोंगटीसारखं धरतो: किती सैन्य, किती पैसा, कोण कोणाच्या बाजूला. सोंगटीच्या आत माणसं आहेत, त्यांना जात, धर्म, नातीगोती, अपमानाच्या आठवणी आहेत, हा विचार तिथे उशिरा येतो. फ्रेंचमध्ये तो आधी येतो.

फ्रेंच भाषेतला अभ्यास म्हणजे फक्त पॅरिसचा अभ्यास, असंही समजू नये. २०२२ मधल्या अंदाजानुसार जगात सुमारे ३२ कोटी लोक फ्रेंच बोलतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत आहेत. क्वेबेकच्या लावाल विद्यापीठातून १९७० पासून आंतरराष्ट्रीय प्रश्नांवरचं फ्रेंच नियतकालिक निघतं. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था १९२७ ची, राष्ट्रसंघाच्या दिवसांतली. डाकारमध्ये १९७३ पासून आफ्रिकी समाजशास्त्रज्ञांची परिषद इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत काम करते. अल्जीरिया, कॅमेरून, मार्तिनिक इथल्या लेखकांनी या परंपरेला जे दिलं ते काढून टाकलं, तर मागे फार थोडं उरेल.

समाजाकडून राजकारणाकडे जाण्याची ही सवय फ्रान्सला लागली ती पराभवांमुळे, असं माझं मत आहे. १८७०-७१ मध्ये प्रशियानं फ्रान्सचा पाडाव केला आणि पुढच्याच वर्षी एमील बुत्मी यांनी पॅरिसमध्ये राज्यशास्त्राची खासगी शाळा काढली. आजची ‘सियाँस पो’ ती हीच. आपण हरलो ते केवळ तोफांमुळे नाही, आपल्या राज्यकर्त्यांना जगाचं आणि स्वतःच्या समाजाचं ज्ञान नव्हतं म्हणून, ही त्यामागची जाणीव. त्याच पिढीतून एमील द्यूर्कहाइम यांचं समाजशास्त्र उभं राहिलं. त्यांचे भाचे मार्सेल मोस यांनी पहिल्या महायुद्धानंतर ‘राष्ट्र’ या विषयावर लिहायला घेतलेला ग्रंथ अपुराच राहिला, पण राष्ट्रंही समाजांसारखीच एकमेकांकडून घेत-देत घडतात ही त्यातली दृष्टी आजच्या अभ्यासकांपर्यंत पोचली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ मध्ये, सियाँस पोच्या परिवारात आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. ‘सेरी’ या नावानं ओळखलं जाणारं हे केंद्र या पुस्तकात वारंवार येईल.

या परंपरेतला जगभर वाचला गेलेला माणूस म्हणजे रेमों आरों. सार्त्रचे सहाध्यायी. हिटलर सत्तेवर येत असतानाचा जर्मनी त्यांनी तिथे राहून पाहिला, युद्धकाळ लंडनमध्ये काढला आणि नंतर तीस वर्षं ‘फिगारो’ या दैनिकात स्तंभ लिहिला. १९६२ मधला त्यांचा ‘राष्ट्राराष्ट्रांतली शांतता आणि युद्ध’ हा ग्रंथ सैनिक आणि मुत्सद्दी या दोन व्यक्तिरेखांभोवती रचलेला आहे. वरवर पाहता हा वकिलातीच्या आतलाच माणूस. पण त्या ग्रंथाचा एक अख्खा भाग समाजशास्त्राला दिला आहे: जमीन, लोकसंख्या, साधनसंपत्ती, राजवटीचा प्रकार. हा अभ्यास त्यांनी प्रत्यक्षातही वापरला. १९५७ मध्ये, उजव्या विचारांच्या वाचकवर्गाची नाराजी पत्करून, त्यांनी अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली आणि तिचा आधार लोकसंख्येची वाढ आणि अर्थव्यवस्था हा होता. लोकसंख्या आणि उत्पन्न यांचा हिशेब मांडला, तर साम्राज्य टिकवण्याची भाषा टिकत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

अल्जीरियापाशी थोडं थांबायला हवं. फ्रेंच सामाजिक विचाराचा फार मोठा भाग १९५४ ते १९६२ या आठ वर्षांच्या युद्धात घडला आणि ज्यांनी तो घडवला ते सगळे त्या युद्धाच्या आत होते.

जेर्मेन तिय्यों १९३४ मध्ये ओरेसच्या डोंगराळ भागात मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गेल्या आणि शाविया लोकांमध्ये राहिल्या. पुढे नाझीविरोधी लढ्यात पकडल्या गेल्या, रावेन्सब्रूकच्या छळछावणीतून वाचल्या. १९५४ अखेरीस त्या पुन्हा ओरेसला गेल्या तेव्हा ओळखीची गावं कंगाल झालेली त्यांना दिसली. शेतकऱ्याला शेतात जगता येत नव्हतं आणि शहरात कामही नव्हतं. तो रस्त्यावरचा भिकारी होत होता. राज्य हिंसाचाराची आकडेवारी मोजत असताना तिय्यों या मोडलेल्या समाजाकडे बोट दाखवत होत्या. त्यांनी गोरगरिबांसाठी सामाजिक केंद्रं काढली. १९५७ मध्ये अल्जिअर्सच्या जुन्या वस्तीत बंडखोरांचा नेता यासेफ सादी याला त्या गुप्तपणे भेटल्या: तिकडचे बॉम्बस्फोट आणि इकडच्या फाशी, दोन्ही थांबवण्यासाठी. वसाहतीची बाजू घेणाऱ्यांना त्या पटल्या नाहीत आणि डाव्या बुद्धिवंतांतल्या अनेकांनाही त्या मवाळ वाटल्या. मला मात्र त्यांच्याइतकं जबाबदार लिखाण त्या काळात क्वचितच सापडतं.

पिएर बूर्दिय तिथे १९५५ मध्ये लष्करी सेवेसाठी गेले होते. तत्त्वज्ञान शिकलेला हा तरुण अल्जीरियात समाजशास्त्रज्ञ झाला. सोबत होते अब्देलमालेक सयाद, काबिलियाच्या खेड्यातून आलेले, आधी शाळामास्तर. फ्रेंच सैन्यानं बंडखोरांचा आधार तोडायचा म्हणून वीस लाखांच्या आसपास शेतकऱ्यांना गावांतून उठवून पहाऱ्यातल्या वसाहतींत कोंडलं होतं. या दोघांनी युद्ध चालू असताना त्या वसाहतींत फिरून पाहणी केली. १९६४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात शेतकऱ्याचं शेतीशी, वेळेशी, शेजाऱ्याशी असलेलं नातं सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांच्या त्या वस्तीत कसं तुटलं याचं वर्णन आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न जवळून पाहिलेल्या आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी ते जरूर वाचावं.

सयाद पुढे फ्रान्समध्ये आले आणि आयुष्यभर एकाच विषयावर काम करत राहिले: स्थलांतर. त्यांचं म्हणणं साधं आहे आणि तरी त्यांच्याआधी ते कोणी इतक्या ठामपणे मांडलं नव्हतं. फ्रान्सला दिसतो तो आलेला माणूस. त्याचं घर, नोकरी, भाषा, गुन्हे हे फ्रान्सचे ‘प्रश्न’. पण आलेला माणूस हा आधी कुठून तरी गेलेला माणूस असतो. गेल्याची कहाणी न सांगता आल्याची कहाणी सांगितली, तर ती अर्धी आणि म्हणून खोटी होते. सयादांनी अल्जीरियाई स्थलांतराची तीन युगं मांडली. पहिल्यात गाव आपल्यातल्या एका विश्वासू शेतकऱ्याला पाठवतं. तो पैसे पाठवतो, हंगामाला परततो, गावाचाच राहतो. दुसऱ्यात माणूस स्वतःसाठी जातो, शेतीवरचं मन उडालेलं असतं, परतणं लांबत जातं. तिसऱ्यात तिकडेच एक वेगळा समाज उभा राहतो. आणि तरीही सगळे, सरकारं, गाव आणि तो माणूस स्वतः, हे तात्पुरतं आहे असं एकमेकांना सांगत राहतात. गावात तो नाही आणि शहरात असूनही तो मोजला जात नाही: या दुहेरी अनुपस्थितीवरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९९९ मध्ये आलं. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी मुंबईच्या गिरण्यांत माणसं पाठवली, मनीऑर्डरीवर घरं चालवली. सयादांची तीन युगं वाचताना आपल्या समाजशास्त्रानं ही कहाणी एवढ्या बारकाईनं का मांडली नाही, असं मला सारखं वाटत राहिलं.

फ्रान्झ फानों याच युद्धातले. मार्तिनिकचे, मनोविकारतज्ज्ञ, १९५३ पासून ब्लिदाच्या रुग्णालयात. छळ करणारे पोलीस आणि छळ सोसलेले कैदी या दोघांवरही त्यांनी उपचार केले, १९५६ मध्ये राजीनामा देऊन लढ्यात गेले. डिसेंबर १९६१ मध्ये ल्युकेमियानं त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांचं शेवटचं पुस्तक नुकतंच बाहेर पडलं होतं. त्याला सार्त्रची प्रस्तावना होती आणि तिनं त्या पुस्तकाचं काहीसं नुकसान केलं. हिंसेच्या समर्थनाचा सूर तिनं इतका उंच लावला, की पुढे जगानं फानों वाचले ते त्याच सुरात. स्वतंत्र झालेल्या देशातला नवा मध्यमवर्ग जुन्या मालकाच्या जागी बसून राष्ट्राला कसा पोकळ करतो, हे सांगणारं त्याच पुस्तकातलं प्रकरण अधिक दूरदर्शी होतं. वाचकांनी ते आधी वाचावं.

फानोंनी भाकीत केलं होतं ते स्वतंत्र आफ्रिकेत प्रत्यक्ष कसं घडलं, याचा अभ्यास ज्याँ-फ्राँस्वा बायार यांनी कॅमेरूनमधून सुरू केला. १९८९ मधल्या त्यांच्या ग्रंथाचं उपशीर्षक ‘पोटाचं राजकारण’ असं आहे आणि हा शब्दप्रयोग कॅमेरूनच्या लोकांचा आहे. बकरी जिथे बांधलेली असते तिथेच चरते, अशी तिकडे म्हण आहे. पदावरचा माणूस पदावरून खातो आणि आपल्यांना खाऊ घालतो. पाश्चात्त्य अभ्यासक याला भ्रष्टाचार म्हणत आणि आफ्रिकेतली राज्यसंस्था अपयशी ठरवत. बायार म्हणाले, ही राज्यसंस्था नातेवाईक, मुखत्यार, व्यापारी, धर्मसंस्था यांच्या जाळ्यातून समाजात खोल रुजली आहे. ती कशी चालते ते तिथल्या इतिहासातून समजून घ्या. दुसरा मुद्दा अधिक बोचरा. आफ्रिका परावलंबी आहे हे सगळे म्हणतात, पण तिथल्या सत्ताधाऱ्यांनी या परावलंबनालाच साधन बनवलं आहे. मदत, कर्ज, लष्करी मैत्री, लोकशाहीची भाषा हे सगळं बाहेरून आणून आत सत्ता टिकवायची. इथे आफ्रिकी माणूस केवळ बळी राहत नाही, तो कर्ता होतो आणि म्हणून जबाबदारही ठरतो.

बेर्त्राँ बादी यांची वाट याहून वेगळी. वडील इराणी, आई फ्रेंच, जन्म पॅरिसचा. १९९२ मधल्या ‘आयात केलेली राज्यसंस्था’ या पुस्तकात त्यांनी म्हटलं, की पश्चिम युरोपच्या विशिष्ट इतिहासातून घडलेली राज्यसंस्था जगभर जशीच्या तशी नेली गेली आणि ती अनेक समाजांना परकीच राहिली. चारच वर्षांनी बायार यांनी संपादित केलेल्या ग्रंथाचं शीर्षक होतं ‘राज्यसंस्थेचं कलम’: आयात नव्हे, कलम, आणि कलम जीव धरतं. या वादात मी बायार यांच्या बाजूचा आहे. भारताच्या राज्यघटनेनं बाहेरून कितीतरी घेतलं, पण तिला परकी म्हणणं मला शक्य नाही. तरी बादी यांचं पुढचं लिखाण विसरता येत नाही. बलाढ्य देश दुबळ्या देशांत जाऊन का हरतात आणि अपमान हा जागतिक राजकारणाचा खरा चालक कसा आहे, यावर त्यांनी २००४ आणि २०१४ मध्ये पुस्तकं लिहिली. कोणाला खाली पाडणं, बरोबरी नाकारणं, निर्णयाच्या टेबलापासून दूर ठेवणं, कलंक लावणं असे अपमानाचे चार प्रकार ते सांगतात. परराष्ट्र धोरणाच्या पाठ्यपुस्तकांत भावनेला जागा नसते. बादींनी तिला अभ्यासाचा विषय केलं.

भारताविषयीही या परंपरेनं भरीव काम केलं आहे. सेरीचे माजी संचालक क्रिस्तोफ जाफ्रलो यांचा हिंदू राष्ट्रवादावरचा ग्रंथ १९९३ मध्ये आला. या विचारानं ज्यांना परके ठरवलं त्यांच्याच संघटनेच्या पद्धती कशा उचलल्या, हे त्यातलं महत्त्वाचं सूत्र. अर्थातच नागपूर आणि महाराष्ट्र त्यात पानोपानी येतात. २००० मध्ये त्यांनी फ्रेंचमध्ये डॉ. आंबेडकरांचं चरित्र लिहिलं. त्याआधीच, १९९० मध्ये, दया पवारांचं ‘बलुतं’ फ्रेंचमध्ये गेलं होतं. ते नेलं गी प्वातवाँ यांनी. फ्रान्समध्ये जन्मलेले प्वातवाँ पुण्यात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ते आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक नव्हते. पण समाजाचं ज्ञान समाजातल्या सर्वांत खालच्या आवाजापासून सुरू होतं, हा विश्वास सयाद आणि प्वातवाँ यांच्यात सारखाच आहे.

या परंपरेचे दोष झाकून ही ओळख पुरी होणार नाही. पॅरिसच्या मोजक्या संस्थांतून निघालेल्या मोजक्या लोकांचं हे वर्तुळ बराच काळ बंदिस्त राहिलं. फ्रेंच प्रजासत्ताक जनगणनेत वंश विचारत नाही आणि अभ्यासकही फार काळ वंशभेदाविषयी बोलायला कचरले. सर्वांत मोठा धडा रुआंडाचा. १९९४ मध्ये तिथे सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुसंख्य तुत्सी. हुतू आणि तुत्सी ही विभागणी वसाहतकाळात कशी घट्ट केली गेली, हे ज्याँ-पिएर क्रेतियाँ यांच्यासारखे इतिहासकार आधीपासून लिहीत होते. पॅरिसच्या राष्ट्राध्यक्ष भवनानं ते ऐकलं नाही आणि रुआंडाच्या राजवटीला शस्त्रं आणि सैनिकी मदत देत राहिलं. २०२१ मध्ये व्हँसाँ द्युक्लेर यांच्या अध्यक्षतेखालच्या इतिहासकारांच्या आयोगानं सरकारी दफ्तर उघडून फ्रान्सवर भारी जबाबदारी टाकली, सहभागाचा आरोप मात्र मान्य केला नाही. ज्ञान उपलब्ध होतं, पण ते निर्णयापर्यंत पोचलं नाही.

आणि हे ज्ञान मिळवण्याची किंमत काहींनी जिवानं मोजली. मिशेल सरा हे सीरिया आणि लेबनॉनचे अभ्यासक. लेबनॉनमधल्या त्रिपोलीतल्या एका गरीब वस्तीत फिरून तिथल्या टोळ्या, निष्ठा आणि राजकारण यांचा त्यांनी अभ्यास केला, सीरियातल्या राजवटीच्या क्रौर्याचं विश्लेषण केलं. मे १९८५ मध्ये बैरुतमध्ये त्यांचं अपहरण झालं आणि पुढच्या वर्षी बंदिवासातच ते गेले. त्यांचे अवशेष २००५ मध्ये सापडले. सेरीच्या फारीबा अदेलखाह यांना जून २०१९ मध्ये इराणमध्ये अटक झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत त्या तुरुंगातून सुटल्या आणि ऑक्टोबरमध्ये फ्रान्सला परतल्या.

आता मराठी वाचकांशी आणि विशेषतः अनुवादकांशी थोडं. पॅरिसमध्ये कात्यायनाच्या वार्तिकांवर प्रबंध लिहिलेल्या वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ज्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९४१ मध्ये मराठीत आणला. त्याचा इंग्रजी अनुवाद व्हायला १९७० उजाडलं. म्हणजे एके काळी मराठीनं इंग्रजीची वाट पाहिली नव्हती. आज पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणारे विद्यार्थी कितीतरी आहेत. त्यांतले बहुतेक नोकरीसाठी किंवा परदेशी शिक्षणासाठी शिकतात, आणि त्यात गैर काहीच नाही. त्यांतल्या काहींनी एकेक पुस्तक निवडावं आणि थेट फ्रेंचमधून मराठीत आणावं. सुरुवात सयादांच्या ‘दुहेरी अनुपस्थिती’पासून करावी, नंतर तिय्यों, नंतर बायार. प्रकाशकांनी आणि विद्यापीठांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं. तोवर हे पुस्तक वाचा आणि यातले निष्कर्ष आपल्या गावाच्या, शहराच्या अनुभवाशी ताडून पाहा. जिथे पटणार नाही तिथे लिहा.